माचू पिचूचे तिकीट आणि देवगडचा रस्ता

आमच्या नागपुरात निवृत्त माणसाच्या प्रवासाची एक चढती भाजणी आहे. मुसलमान असेल तर आधी अजमेर, मग उमरा, मग हज. हिंदू असेल तर तिरुपती, मग चारधाम. फर्ज अदा झाले, नवस फिटले की दुबई-सिंगापूर. त्यानंतर पंधरा दिवसांत आठ-दहा देश दाखवणारा युरोप. आणि आता या यादीच्या टोकाला दक्षिण अमेरिका आली आहे. ब्राझील, अर्जेंटिना आणि पेरू मिळून ग्रुप टूर, सोबत मराठी बोलणारा टूर मॅनेजर, शक्य तिथे वरण-भात. दोघांच्या खर्चात इथे एका मुलीचे लग्न बऱ्यापैकी थाटात उरकेल. तरी लोक जातात. जाफरनगरपासून धरमपेठेपर्यंतचे लोक जातात, एकाच बसमध्ये बसतात आणि परत आल्यावर एकमेकांना ईद-दिवाळीचे निरोप पाठवतात. ग्रुप टूरचा हा फायदा कुणी जाहिरातीत लिहीत नाही.

या प्रवासाला माझा विरोध नाही. उलट मला कौतुक वाटते. पृथ्वीवर हिंडून आपल्या आधीच्या कौमांचे काय झाले ते पाहावे, ही सूचना कुरआनात पुन्हा पुन्हा येते. त्या पाहण्याला आपल्याकडे एक चांगला शब्द आहे, इबरत. नुसते पाहणे म्हणजे इबरत नव्हे. पाहून स्वतःकडे वळणे म्हणजे इबरत. माझा मुद्दा त्या वळण्याविषयी आहे.

आधी तिकडे काय दिसते ते सांगतो, कारण ते खरोखरच थक्क करणारे आहे. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, 1646 मीटर. इंका लोकांची राजधानी कुस्को साधारण 3400 मीटरवर वसलेली आहे, म्हणजे दोन कळसूबाया एकावर एक ठेवल्या तरी कुस्को थोडे वरच राहते. विमानातून उतरल्यावर डोके जड होते, चार पायऱ्या चढल्या की धाप लागते. हॉटेलवाले कोकाच्या पानांचा चहा पुढे करतात. हा चहा हलाल की हराम, यावर आमच्या एका स्नेह्यांनी कुस्कोहून थेट नागपूरला फोन करून मसला विचारला होता. उत्तर येईपर्यंत बेगमसाहेबांनी दोन कप घेतले होते आणि त्यांचे डोके दुखायचे थांबले होते.

माचू पिचू त्यापेक्षा खाली, 2430 मीटरवर आहे. पंधराव्या शतकाच्या मध्यावर, पाचाकुटी या राजाच्या काळात ते बांधले गेले. लोखंडाची हत्यारे नाहीत, ओझे वाहायला चाकाची गाडी नाही, लिहायला लिपी नाही. हिशेब दोऱ्यांच्या गाठींत ठेवायचा, त्याला किपू म्हणतात. असे असताना दगड दगडावर असा बसवला की मध्ये चुना नाही आणि तरी भूकंपात हलत नाही. कुस्कोत सूर्यमंदिराच्या जोत्यावर स्पॅनिश लोकांनी ख्रिस्ती मठ उभारला. 1950 च्या भूकंपात मठाची पडझड झाली आणि आत दडलेल्या इंका भिंती जशाच्या तशा उघड्या पडल्या. इंकांच्या रस्त्यांचे जाळे तीस हजार किलोमीटरच्या आसपास होते. आणि हे सगळे साम्राज्य जेमतेम शंभर वर्षे टिकले. ते काही साधुसंतांचे राज्य नव्हते. आजूबाजूच्या जमातींना त्यांनी तलवारीने नसले तरी गदेने आणि गोफणीने नमवलेच होते, वेठ घेतलीच होती. गाईड हे सहसा सांगत नाही.

गाईड आणखीही एक गोष्ट सांगतो ती अर्धवट असते. माचू पिचू हे 'हरवलेले शहर' होते आणि 1911 मध्ये हायरम बिंगहॅम या अमेरिकी प्राध्यापकाने ते 'शोधले'. बिंगहॅमला तिथपर्यंत नेले मेल्चोर आर्तेआगा नावाच्या स्थानिक शेतकऱ्याने. त्याचा मोबदला होता एक सोल, म्हणजे तेव्हाच्या पन्नास सेंटच्या आसपास. वर पोहोचल्यावर बिंगहॅमला काय दिसले? त्या जुन्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतात दोन-तीन कुटुंबे राहात होती, पीक काढत होती. त्यांच्यातल्या एका लहान मुलाने साहेबाला अवशेष फिरून दाखवले. शिवाय कुस्कोच्याच आगुस्तिन लिसारागाने 1902 मध्ये तिथल्या भिंतीवर स्वतःचे नाव लिहून ठेवले होते. तेव्हा हरवले होते ते कुणासाठी? बिंगहॅमने तिथल्या वस्तू खोके भरभरून येल विद्यापीठात नेल्या. त्या परत मिळवायला पेरूला 2011-12 साल उजाडावे लागले.

'हरवलेले' हा शब्द पर्यटनाच्या धंद्याला फार सोयीचा आहे. माणसे नाहीशी झाली असे एकदा ठरवले की दगड बघायला मोकळे. पण अँडीजमधली माणसे कुठेच गेलेली नाहीत. इंकांची केचुआ भाषा आज लाखो लोक बोलतात. पेरूने 1975 मध्ये तिला राजभाषेचा दर्जाही दिला. आपल्या ग्रुपबरोबर लामा घेऊन उभी असलेली, रंगीत शाल पांघरलेली बाई, जिच्यासोबत फोटो काढायचे पैसे द्यावे लागतात, ती त्याच लोकांची पणती-खापरपणती. ज्या बटाट्यावर आपले वडे-समोसे चालतात तो बटाटा माणसाळवला तो तिच्याच पूर्वजांनी. तिथे अजून त्याच्या हजारो जाती पिकतात, जांभळ्या, काळ्या, शेंदरी. मिरचीही त्याच खंडातून आपल्याकडे आली. म्हणजे सावजीचा रस्सा काय, तर्रीपोहे काय किंवा भिवापुरी मिरचीचा ठेचा काय, आपण रोजच त्या 'हरवलेल्या' लोकांच्या ताटात जेवतो.

जानेवारी 2023 मध्ये याच लोकांनी माचू पिचूचा रस्ता बंद पाडला होता. पेरूच्या राष्ट्राध्यक्षांना पदावरून काढून अटक झाल्यावर दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात आंदोलन पेटले. त्यात शेतकरी होते, केचुआ आणि आयमारा बोलणारे लोक होते. सुमारे पन्नास माणसे त्या महिन्यांत मेली. रेल्वे थांबली, शेकडो पर्यटक वर अडकले. जगभरच्या बातम्यांत मथळा होता तो अडकलेल्या पर्यटकांचा. मला ती बातमी वाचताना वाटले, हे लोक पाचशे वर्षांनंतर सांगत आहेत की आम्ही अजून इथे आहोत, आणि ऐकणारा विचारतो आहे की आमच्या तिकिटाचे पैसे परत मिळणार का.

आता नागपूरकडे येतो.

पेरूहून परतलेल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी मला घरी बोलावून सव्वातीनशे फोटो दाखवले. सज्जन माणूस, वाचनही दांडगे. प्रत्येक फोटोला म्हणायचे, "क्या लोग थे, साहब! क्या सल्तनत थी!" अटाहुआल्पाला दग्याने पकडल्याची कथा सांगताना त्यांचा आवाज भरून आला. मी सहज विचारले, सर, आपले नागपूर कुणी वसवले? म्हणाले, भोसल्यांनी. थोडे थांबून म्हणाले, का, कुणी दुसरे होते का?

होते. आणि त्या दुसऱ्याच्या राजधानीचे अवशेष नागपूरहून तीनेक तासांच्या रस्त्यावर आहेत.

देवगड म्हटले की मराठी माणसाला हापूस आठवतो किंवा यादवांच्या देवगिरीशी गल्लत होते. हे देवगड मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात, मोहखेडच्या बाजूला आहे. सावनेर, सौंसर, रामाकोना करत सिल्लेवानीचा घाट चढायचा. याच रस्त्याने हजारो नागपूरकर जामसावळीच्या मारुतीला जातात आणि तिथूनच मागे फिरतात. सौंसर-पांढुर्ण्यापर्यंत तर घराघरात मराठी आहे, फक्त सरकार मध्य प्रदेशचे. पुढे डोंगर सुरू होतात आणि त्यातल्या एका डोंगरावर गोंड राजांचा किल्ला आहे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही अकरा जण एक गाडी करून गेलो होतो. त्यात शिक्षक होते, एक वकील, दोघी मैत्रिणी आणि एकाचे वृद्ध वडील. गावातला एक मुलगा वाट दाखवायला पुढे निघाला. दरवाजा ओलांडला की नगारखाना, मग कचेरी म्हणतात ती इमारत, वर बादल महाल. मोती टाके नावाचा मोठा हौद आहे, ज्याच्या पाण्याविषयी त्या मुलाकडे तीन वेगवेगळ्या कथा होत्या. आणि एक लहानशी मशीद आहे. खाली गावात आणि शिवारात बावड्याच बावड्या. आठशे विहिरी आणि नऊशे बावड्या अशी तिकडची म्हण आहे. आकडा म्हणीतला असला तरी अलीकडे गाळ काढून मोकळ्या केलेल्या बावड्या पाहिल्यावर म्हण उगाच पडली नसावी असे वाटते. पाणी साठवण्याची ती अक्कल विदर्भातल्या कुठल्याही जिल्हाधिकाऱ्याने जाऊन पाहावी अशी आहे.

त्या मुलाला मी विचारले, गोंडी येते का? म्हणाला, दादी बोलती है, मुझे समझती है, बोलना नहीं आता. हे एक वाक्य मला किल्ल्यापेक्षा जास्त दिवस पुरले. 2011 च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे तीस लाख लोक नोंदले गेले. तरी घटनेच्या आठव्या अनुसूचीत ही भाषा नाही. केचुआसाठी पेरूने 1975 मध्ये निदान कागदावर तरी जे केले, ते गोंडीसाठी आपल्याकडे कागदावरही झालेले नाही.

देवगडच्या घराण्यातला पहिला ठळक राजा जाटबा. त्याचा उल्लेख अबुल फजलच्या आईन-इ-अकबरीत येतो, दोन हजार घोडेस्वार, पन्नास हजार पायदळ आणि शंभरावर हत्ती बाळगणारा म्हणून. म्हणजे अकबराच्या दरबारात या जंगलातल्या राजाची मोजदाद होत होती. त्याच्या वंशात पुढे बख्त बुलंद शाह झाला. गादीच्या भांडणात मदत मिळवायला तो औरंगजेबाकडे गेला, 1686 च्या सुमारास इस्लाम स्वीकारला आणि बख्त बुलंद, म्हणजे ज्याचे नशीब उंच तो, हे नाव घेऊन परतला. परतल्यावर त्याने राज्य वाढवले, छिंदवाड्यापासून शिवनी, बालाघाट, भंडाऱ्यापर्यंत. चांद्याच्या गोंडांचा आणि मंडल्याच्या गोंडांचाही मुलूख त्याने तोडला, नात्यागोत्याकडे न पाहता. मोगल दख्खनेत मराठ्यांशी झुंजण्यात गुंतलेले पाहून त्याने मोगलांचाच मुलूख लुटायला सुरुवात केली आणि मदतीसाठी छत्रपती राजाराम महाराजांच्या पक्षाशी संधान बांधले. चिडलेल्या औरंगजेबाने हुकूम काढला की याला यापुढे बख्त बुलंद म्हणू नये, निगुन बख्त म्हणावे. म्हणजे फुटक्या नशिबाचा. बादशहाने रागावून नावावर कोटी करावी, हे मला त्या सगळ्या इतिहासातले सर्वांत माणसासारखे वागणे वाटते.

या फुटक्या नशिबाच्या माणसाने 1702 च्या सुमारास नाग नदीकाठची राजापूर बारसा म्हणून ओळखली जाणारी बारा खेडी एकत्र करून नागपूर वसवले. सक्करदरा, फुटाळा, सीताबर्डी ही नावे त्या बारांतलीच मानली जातात. शेतकरी, कारागीर, व्यापारी त्याने बाहेरून बोलावून आणले. रिचर्ड जेंकिन्स हा इथला ब्रिटिश रेसिडेंट. 1827 च्या अहवालात त्याने नोंद केली आहे की बख्त बुलंदने हिंदू-मुसलमान असा भेद न करता लायक माणसांना कामावर घेतले. त्याचा मुलगा चांद सुलतान याने देवगड सोडून नागपूरला राजधानी केली, तट बांधला, तलाव खोदवला. तो जुम्मा तलाव. पुढे त्याचे भाषांतर होऊन शुक्रवारी तलाव झाले, मग गांधीसागर. जुम्मा दरवाजाचा गांधी गेट झाला. गांधीजींच्या नावाला कुणाची हरकत असणार? पण एका शहराचा पहिला पत्ता असा अलगद पुसला गेला की पुसणाऱ्यालाही कळले नाही.

चांद सुलतानानंतर वारसाचा तंटा झाला. त्याच्या विधवा राणी रतनकुंवरने रघुजी भोसल्यांना मदतीला बोलावले आणि मदतीला आलेले 1743 पर्यंत मालक झाले. भोसल्यांनी एक शहाणपण केले. गोंड राजाला मारले नाही, हाकलले नाही. नागपुरातच तनखा देऊन, राजा हा किताब ठेवून बसवले. गादीवर बसणाऱ्या भोसल्याला टिळा लावण्याचा मान गोंड राजाचा. सत्ता गेली, बोट राहिले. ते घराणे इंग्रजांच्या काळातही तनखा घेत नागपुरातच होते.

इथे मला अटाहुआल्पा पुन्हा आठवतो. 16 नोव्हेंबर 1532 ला काहामार्का गावात पिझारोने दीडशे-पावणेदोनशे माणसांनिशी त्याला पकडले. सुटकेसाठी त्याने एक खोली सोन्याने आणि दोनदा चांदीने भरून दिली. तरी 1533 मध्ये त्याला जिवंत जाळण्याची शिक्षा झाली. बाप्तिस्मा घेतलास तर जाळणार नाही, गळा आवळून मारू, अशी सवलत होती. इंका लोक मृत राजाचा देह जपून ठेवत, त्याला जिवंतासारखा मान देत. देहाची राख होणे म्हणजे सगळेच संपणे. अटाहुआल्पाने बाप्तिस्मा घेतला आणि मेला. आज जगात कुणीही त्याला ख्रिस्ती राजा म्हणत नाही. तो इंका राजाच राहिला. धर्मांतर कुठल्या परिस्थितीत झाले हे सगळ्यांना समजते.

बख्त बुलंदची गोष्ट वेगळी आहे, त्याच्या मानेवर फास नव्हता. त्याने सौदा केला आणि सौद्यात राज्य मिळवले. ते मनाने किती मुसलमान झाला हे अल्लाह जाणे. घराण्याने इस्लाम सोडला नाही हे खरे, आणि सोयरिकी गोंडांमध्येच करत राहिले हेही खरे. दोन्ही एकाच वेळी खरे असलेल्या माणसाचे काय करायचे, हे आपल्याला समजेनासे झाले आहे. म्हणून त्याला कुणीच पूर्ण आपला म्हणत नाही. शहराचा इतिहास सांगणारे भोसल्यांपासून सुरुवात करतात. काही आदिवासी कार्यकर्त्यांना त्याच्या नावापुढचा इस्लाम अडचणीचा वाटतो, आणि आजच्या हवेत ती अडचण मी समजू शकतो. 2002 मध्ये शहराची त्रिशताब्दी झाली तेव्हा त्याचे नाव वर आले, पुतळ्याला हार पडले, मग पुन्हा धूळ.

आणि आपण? आपल्या मोहल्ल्यात त्याचे नाव बहुधा एकाच कारणासाठी निघते. कुणी 'तुम्ही बाहेरचे' असे म्हटले की व्हॉट्सअॅपवर उत्तर तयार असते, नागपूर तर आमच्याच राजाने वसवले. मला हे उत्तर आवडत नाही. एक तर नागपूरचे असण्यासाठी मुसलमानाला तीनशे वर्षांपूर्वीच्या राजाचा दाखला लागावा ही कल्पनाच मी मान्य करत नाही. मोमीनपुऱ्यातल्या विणकराचे हातमाग आणि त्याच्या आजा-पणजाच्या कबरी पुरेशा आहेत. दुसरे म्हणजे, ज्याला आपण 'आमचा राजा' म्हणतो त्याच्या गोंड असण्याची आपल्याला काडीचीही फिकीर नसते. त्याचा कलमा हवा, त्याची भाषा नको. त्याच्या नातलगांच्या पाड्यावर काय चालले आहे याची चौकशी नको. मग आपण आणि जुम्म्याचे शुक्रवारी करणारे, यांत फरक तो काय राहिला?

चंद्रपूरला गेलात तर हा गुंता आणखी सुंदर दिसतो. तिथल्या गोंड राजांनी बांधलेला तट शहराला अजून वेढून आहे, जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर अशी त्याची दारे. राणी हिराईने नवऱ्याची, बीरशाहाची, समाधी बांधली. बायकोने नवऱ्यासाठी बांधलेले एवढे देखणे स्मारक विदर्भात तरी दुसरे मला ठाऊक नाही. ताजमहालाचे कौतुक करताना हे उलटे उदाहरण जवळ असलेले बरे. जुन्या राजवाड्याच्या जागेत आता जिल्हा कारागृह आहे. त्याच्या आवारात गैबीशाहवलींचा दर्गा आहे आणि मोहरमच्या दिवसांत कारागृहाचे दार लोकांसाठी उघडते. सगळ्या जातीधर्मांची माणसे रांगेत असतात. त्याच कारागृहापुढे 21 ऑक्टोबर 1858 ला इंग्रजांनी बाबुराव शेडमाके या गोंड जमीनदाराला फाशी दिले. एका आवारात गोंड राजवाडा, पीराची मजार आणि फाशीचे झाड. कुस्कोच्या मुख्य चौकात तुपाक अमारूला मारल्याची जागा गाईड दाखवतो तेव्हा आपले लोक मान खाली घालून उभे राहतात. चंद्रपूरच्या त्या दारावरून जाताना आपण ताडोब्याची सफारी किती वाजता आहे ते बघत असतो.

चंद्रपूरकरांचे एक मात्र सांगायलाच हवे. 2017 मध्ये इको-प्रो या संस्थेच्या पोरांनी तो तट साफ करायला घेतला. पहाटे जायचे, झुडपे काढायची, कचरा उपसायचा, आणि हे एका दिवसाच्या फोटोपुरते नव्हे, कित्येक महिने. नंतर तटावरून लोकांना फिरवायलाही त्यांनी सुरुवात केली. त्या किल्ल्यावर पुन्हा माणसे चालली ती अशी.

मला कुणी म्हणेल, देवगड-चंद्रपूर कुठे आणि माचू पिचू कुठे! बरोबर आहे. देवगडला तसा दगड नाही, ढगांतून वर येणारे ते दृश्य नाही. विटा-चुन्याचे काम, अर्धे ढासळलेले. सौंदर्याच्या तराजूत मी दोन्ही घालतच नाही. पण जे मोठे प्रश्न आपण अँडीजमध्ये मराठी टूर मॅनेजरला विचारतो, जिंकलेल्यांचा धर्म हरलेल्यांनी का घेतला, भाषा का गेली, सोन्याच्या खोलीचे काय झाले, ते सगळे प्रश्न इथे घरी आहेत. सोन्याऐवजी लोखंड म्हणा. गडचिरोलीतल्या एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर माडिया-गोंडांचा ठाकूरदेव आहे, दरवर्षी यात्रा भरते. त्याच डोंगरात लोहखनिजाची खाण चालू आहे. भोवतालच्या ग्रामसभांनी ठराव केले, निवेदने दिली, धरणे धरले. खाणीमुळे रोजगार आला असे म्हणणारेही तिथे आहेत आणि त्यांचेही ऐकले पाहिजे. पण पिझारोच्या नावाने बोटे मोडणाऱ्या आपल्या किती मंडळींना सुरजागड नकाशावर दाखवता येईल?

म्हणून मी ओळखीच्या प्रवासी मंडळींना आणि मोहल्ल्यातल्या शाळांना एक आग्रह करत आलो आहे. पेरूला जरूर जा. पण त्याआधी किंवा नंतर, ग्रुप करूनच, एक दिवस देवगड आणि दोन दिवस चंद्रपूर-बल्लारपूर करा. उर्दू शाळांच्या सहली वर्षानुवर्षे त्याच त्या वॉटरपार्कला जातात. त्यातली एक बस देवगडकडे वळवावी. वाट दाखवायला गावातलाच माणूस घ्या, त्याला दिवसाची पूर्ण मजुरी द्या. मिळाला तर एखादा परधान बोलवा. गोंडांच्या वंशावळी आणि राजांच्या कथा हे लोक बाना वाजवत पिढ्यान्पिढ्या गात आले आहेत. इंकांच्या गाठींचा अर्थ लावणारे गेले, आपले किपू अजून गात आहेत. नागपूरच्या गोंड राजाच्या किल्ल्यापाशी आणि त्या तलावाच्या काठी गोंडी, मराठी आणि उर्दू या तीन भाषांत चार ओळींचे फलक लागावेत, अशी मागणी आपल्या भागातल्या नगरसेवकाकडे करायला हरकत नाही. उर्दूसाठी आपण नेहमीच भांडतो, या वेळी गोंडीसाठी आधी भांडून पाहा.

देवगडला जायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. पावसाळ्यात हिरवाई असते, पण पायऱ्यांवर शेवाळ धरते. नागपूरहून सकाळी सहाला निघालात तर नाश्ता सौंसरला होतो आणि ऊन चढायच्या आत वर पोहोचता येते. वर खायला-प्यायला काही मिळत नाही, पाणी आणि भाकरी सोबत न्या. म्हाताऱ्या माणसांसाठी चढ थोडा दमवणारा आहे, पण आमच्यातले अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक गृहस्थ मध्ये तीनदा बसून वर आले होते. जोहरची नमाज त्यांनी खाली उतरल्यावर गावातल्या एका ओट्यावर पढली. घरच्या बाईने ओटा झाडून दिला, चटई टाकली आणि सगळ्यांना चहा विचारला.